शेवटचा फर्मा

४ जून

प्रिय आत्या,

नोकरीला लागून दोन महिने झाले आणि अजून मला कुणी ओरडलेलं नाही. याचीच धास्ती वाटते. ओरडत नाहीत म्हणजे साठवून ठेवत असणार.

सोमवारी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. वाचनालयात सगळे त्यांना असंच म्हणतात, त्यामुळे मी आपोआप छोट्या बाई झाले आहे. वरच्या मजल्यावर एक गुरुवार सोडून संध्याकाळी वाचनगट भरतो. आठ माणसं येतात. या वेळी त्यांना विज्ञानकथा वाचायच्या आहेत. सहा बैठका, सहा विषय. "विषय तुम्ही निवडायचे," मोठ्या बाई म्हणाल्या. "प्रत्येक विषयाला एक पुस्तक आणि फलकावर लावायला चार ओळींचं टिपण. मी हात लावणार नाही." सहा महिन्यांनी मला कायम करायचं की नाही ते ठरणार आहे, हे त्या बोलल्या नाहीत. मीच मनात बोलले.

तुला आश्चर्य वाटेल, पण मला आनंद झाला. पाच मिनिटं. मग वाटलं, आठ मोठ्या माणसांनी काय वाचावं हे ठरवणारी मी कोण? अकराव्या वर्षी शाळेत गेले तेव्हा मला कागद चौदा प्रकारे दुमडता येत होता आणि रांगेत उभं राहता येत नव्हतं. तुझ्या पुस्तकबांधणीच्या टेबलावर जे आलं ते मी शिकले, जे आलं नाही ते शिकले नाही. कुठे भोक आहे हे मला अजूनही पाय अडकल्यावरच कळतं.

काळप्रवास घ्यावा म्हणते. पण भूतकाळात जाऊन चूक दुरुस्त करायची म्हटलं की प्रत्येकाला आपापली चूक आठवणार, आणि बैठकीत कुणी रडलं तर? पृथ्वीचा शेवट घेतला तर लोक घरी जाताना काय मनःस्थितीत जातील? विचार करणारी यंत्रं आहेत, परग्रहवासी आहेत. समांतर जग मला स्वतःलाच नीट कळलेलं नाही. कुणी प्रश्न विचारला तर मी काय करू? फक्त एका विषयाबद्दल खात्री आहे, तो म्हणजे लांबचा प्रवास. तुझ्याकडे ते पुस्तक आलं होतं बघ, एकटी यानातून जाणारी ती बाई. एकवीस वर्षांनी परत येते, उंबऱ्याशी वाकून बुटांचे बंद सोडते आणि मुलगी पहिलं वाक्य म्हणते, "चिखल आत आणू नकोस." मला अजून ते सगळं डोळ्यांसमोर दिसतं.

तू सांग. वीस तारखेपर्यंत यादी द्यायची आहे. लवकर लिही. घाई नाही. पण लवकर लिही.

तुझी
शंकासूर


११ जून

प्रिय शंकासूर,

तुझं पत्र वाचता वाचता खळ करपली. आता दुकानभर वास सुटलाय आणि गिऱ्हाईक नाक धरून उभं आहे. म्हणून थोडक्यात.

विज्ञानकथा म्हणजे शेवटी काय? "असं झालं तर?" एवढाच प्रश्न. तू बोलायला लागल्यापासून दुसरं काही विचारलेलं मला आठवत नाही. आत्या, जिना पडला तर? आत्या, सूर्य उगवायला विसरला तर? मोठ्या बाईंनी माणूस बरोबर निवडलंय.

कुणी रडेल म्हणून विषय वगळू नकोस. मोठी माणसं रडतात आणि मग चहा पितात. काळप्रवास घे. परग्रहवासी घे, घरच्यांशी पटत नाही अशांना ते फार आवडतात. यंत्रं तर हवीतच. समांतर जग तुला कळत नसेल तर तसं सांगून टाक. "मलाही कळलेलं नाही, मिळून बघू," असं म्हणणारा मास्तर मला आयुष्यात भेटला नाही, भेटला असता तर मीही शाळेत टिकले असते.

लांबचा प्रवास तेवढा काढ. पुस्तक जुनं आहे, भाषा जड, पहिली शंभर पानं नुसते आकडे. लोक जांभया देतील. त्याऐवजी समुद्राखालच्या वस्तीचं काहीतरी बघ. बदललेलं हवामान वगैरे. हल्ली लोकांना त्यात रस असतो.

जेवण वेळेवर करतेस का? "हो" असं लिहू नकोस, काय जेवलीस ते लिही.

आत्या


२० जून

प्रिय आत्या,

काल भात, वरण आणि काकडी. आज अजून नाही.

यादी दिली. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून एकदा वाचली, "बरं," म्हणाल्या आणि फलकाची किल्ली हातात ठेवली. त्या "बरं"चा अर्थ मी चार दिवस लावते आहे.

यादी देण्याआधी मी गटातल्या प्रत्येकाला जाऊन विचारून आले, तुम्हाला कुठला विषय चालणार नाही म्हणून. हे चुकलं का? सिस्टर म्हणाल्या, "साथीचे रोग नकोत बाई. दिवसभर तेच बघते, गुरुवारी तरी सुट्टी द्या." त्या सरकारी दवाखान्यात आहेत आणि बैठकीत आजवर एक शब्दही बोललेल्या नाहीत म्हणे. टेलरमास्तरांना काळप्रवासच हवा, पण मागे नाही, पुढे. "मागे सगळं उसवलेलंच आहे," म्हणाले. आणि फिटर काका. कारखान्यातून निवृत्त झालेत, पुढच्या रांगेत बसतात, सगळ्यांशी वाद घालतात. त्यांना यंत्रं हवीत, पण एका अटीवर. "यंत्र माणसावर सूड उगवतं, असलं काही आणू नका. पस्तीस वर्षं यंत्रांत काढली मी. तेल घातलं नाही तर यंत्र बंद पडतं. सूड घ्यायला त्याला वेळ कुठे असतो?"

लांबचा प्रवास मी ठेवला आहे. दुसऱ्या बैठकीला. जांभया देतील म्हणालीस, पण तुला काय म्हणायचंय ते मला कळलं. बाकी विषयांवर तू हसत हसत लिहिलंस आणि या एकाच विषयावर भराभर. मला झेपणार नाही असं तुला वाटतं. जड पुस्तक आहे, छोट्या बाई फजीत पावतील, त्यापेक्षा समुद्राखाली पाठवावं. आत्या, माझी खात्री असलेली ही एकच गोष्ट आहे. तीसुद्धा काढली तर मी निवडलं असं काय उरतं?

रागावून लिहीत नाहीये. (हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, म्हणजे थोडी रागावले असेन.)

टिपण असं लिहिलंय: "ती एकटी निघते. एकवीस वर्षं जातात. सगळ्यांनी आशा सोडलेली असताना ती परत येते. वाट पाहणाऱ्यांची ही कथा आहे." आमच्याकडे प्रत नाही, म्हणून आठवणीतून लिहिलं. दुसऱ्या वाचनालयातून प्रती मागवल्या आहेत. चांगलं झालंय ना? फलकावर लागलंसुद्धा, त्यामुळे चांगलं झालेलं नसेल तर सांगू नकोस.

तुझी
शंकासूर


१४ जुलै

प्रिय बाळ,

उत्तराला उशीर झाला. बोटं आखडली होती, सुई धरवत नव्हती. आता बरं आहे.

यंत्रांची बैठक कशी झाली? फिटर काकांना पटलं का?

त्या पुस्तकाच्या प्रती आल्या असतील. तू स्वतः वाच. आठवणीवर जाऊ नकोस, पुन्हा वाच, अगदी शेवटपर्यंत. टिपण बदलावंसं वाटलं तर बैठकीआधी बदल. कुणाला काही वाटत नाही.

आधीच लिहायला हवं होतं. हे पत्र उद्याच्या टपालात पडेल.

आत्या


१८ जुलै

आत्या,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. बैठक काल झाली.

मी पुस्तक वाचलं नव्हतं. सांगते का ते. प्रती सातच आल्या आणि माणसं आठ, मी धरून नऊ. टेलरमास्तर आणि त्यांची बायको एकात वाचतो म्हणाले, बाकी सहा मी वाटून टाकल्या. माझ्यासाठी एक अडवून ठेवणं बरं दिसेना. मला तर तोंडपाठ आहे, म्हटलं.

पावणेसहाला सगळे जमले. मी उभी राहिले, प्रवासाबद्दल बोलले, वाट पाहण्याबद्दल बोलले, आणि म्हणाले की शेवटचा तो उंबऱ्याचा प्रसंग मला फार आवडतो. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. भारावून बघतात तसे नाही.

फिटर काका म्हणाले, "कुठला प्रसंग?"

"ती परत येते तो."

"छोट्या बाई, ती परत कुठे येते?"

मी काय म्हणाले माहीत आहे? हसत म्हणाले, "तुमच्या प्रतीतली शेवटची पानं गळली असतील, काका. जुन्या बांधणीत होतं असं." बांधणीवालीची भाची ना मी! त्यांनी प्रत पुढे केली. पानं होती. मग टेलरमास्तरांनी त्यांची उघडली, मग बाकीच्यांनी. आत्या, मी एकेका प्रतीचा कणा चाचपून पाहिला. सातही प्रती शाबूत आणि सातही प्रतींचा शेवट एकच.

तो कुणी तरी वाचून दाखवा, मी म्हणाले. कुणी पुढे होईना, तेव्हा सिस्टरनी वाचला. त्या बाईचा शेवटचा निरोप आहे. यान ठीक आहे, इंधन आहे, रस्ता माहीत आहे. "मला परत येता येतं. मी येत नाहीये. मला इथे राहायचंय. वाट पाहू नका." बस. मुलगी नाही, उंबरा नाही.

त्यानंतर बैठक दीड तास चालली. कधी नव्हे त्या सिस्टर बोलायला लागल्या. सोडून जाणाऱ्या माणसांबद्दल, आणि जी जात नाहीत पण मनाने गेलेली असतात त्यांच्याबद्दल. मी कोपऱ्यात बसून होते आणि कानात फक्त एक वाक्य घुमत होतं. "चिखल आत आणू नकोस." हे कुठल्याही पुस्तकातलं वाक्य नाही. हे तू मला दिवसातून चार वेळा म्हणायचीस. मला हे आजवर कसं कळलं नाही?

आज सकाळी काळप्रवासाचं पुस्तक कपाटातून काढून शेवट पाहिला. तोही मला माहीत आहे तो नाही. परग्रहवासींचाही नाही. मी फलकावरची टिपणं काढून घेतली. मोठ्या बाईंना म्हटलं, माझं नाव या गटातून काढा, मी निवडायला लायक नाही. त्या म्हणाल्या, "तोंडी नको. लिहून आणा, पुढच्या बैठकीच्या दिवशी."

आत्या, माझ्या डोक्यातले किती शेवट तुझे आहेत?


२३ जुलै

प्रिय बाळ,

मोजले नाहीत. पुष्कळ असतील.

आपल्याकडे पुस्तकं यायची ती मोडकीच यायची. धड पुस्तक कोण बांधायला आणतं? कुणाची पहिली पानं नाहीत, कुणाची शेवटची. तुला शिकवायला वेगळी पुस्तकं आणायची ऐपत नव्हती आणि तुला शाळेत सोडायला तुझे बाबा तयार नव्हते. तू नजरेआड झालेली त्यांना चालायची नाही. मग टेबलावर जे असेल त्यावरच आपली शाळा. गोष्ट अर्धी राहिली की तू जेवायची नाहीस. मी तोंडाने पुरी करायची. मला शिकवणं म्हणजे काय ठाऊक नव्हतं, धडा अर्धा सोडायचा नाही एवढं ठाऊक होतं. "इथून पुढचं माझं आहे," हे सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. सुरुवातीला विसरले आणि नंतर तुझा विश्वास बसला होता, तो मोडवेना.

हे झालं बाकीच्यांचं. त्या पुस्तकाचं वेगळं आहे.

त्या पुस्तकाची सगळी पानं होती. नुसता कणा सुटला होता. मी ते उसवून फर्मे वेगळे केले होते, सोळा सोळा पानांच्या घड्या, आणि तू एकेक घडी नेऊन खिडकीत वाचत होतीस. तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. शेवटचा फर्मा तू मागितलास तेव्हा मी म्हणाले, तो आलाच नाही, आणि शेवट तोंडाने सांगितला. फर्मा दाबाखाली होता. चार दिवसांनी तो शिवून पुस्तक अख्खं मालकाला परत दिलं. गिऱ्हाइकाचं पान मी आयुष्यात कधी चोरलं नाही. तुझं चोरलं.

का, ते आता लिहिते. पुन्हा पुन्हा लिहायला जमणार नाही, म्हणून नीट वाच.

त्याच आठवड्यात तुझ्या आईचं पत्र आलं होतं. ती दोन वर्षांच्या कामासाठी परदेशी गेली होती आणि तिकडे कागदपत्रांत अडकली, मग तिचा पत्ता लागेना, असं तुला माहीत आहे. आम्हीच सांगितलं. ती अडकली नव्हती. तिने तसं स्वच्छ लिहिलं होतं. तुझ्या बाबांनी पत्र वाचलं, माझ्या हातात दिलं आणि पुन्हा त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, वारेपर्यंत. आणि तू खिडकीत बसून तेच पुस्तक वाचत होतीस. मी काय करायला हवं होतं, मला आजही कळत नाही.

जूनमध्ये तो विषय काढ म्हणाले ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुला झेपणार नाही असं मला कधी वाटलेलं नाही.

पत्र माझ्याकडे आहे. पाठवू का?

आत्या


२ ऑगस्ट

आत्या,

आठवडाभर उत्तर दिलं नाही. मुद्दाम नाही. रोज लिहायला बसत होते आणि रोज पहिलीच ओळ मोठ्या आवाजातली यायची. मी रागावले आहे. हे या वेळी खोडत नाही.

पण आधी गुरुवारचं सांगते.

राजीनामा लिहून पिशवीत घेऊन गेले. मधल्या दोन आठवड्यांत उरलेली चारही पुस्तकं वाचली, शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या नावापर्यंत. काळप्रवासावर बोलायच्या आधी मी उभी राहिले आणि सांगितलं की मी घरात शिकले, मोडक्या पुस्तकांवर, आणि न वाचलेला शेवट मी तुम्हाला वाचलेला म्हणून सांगितला. टेलरमास्तर म्हणाले, "मग तुमच्या आत्यांनी काळप्रवासाचा काय शेवट केला होता?" मी सांगितला. ते म्हणाले, "हा जरा ढगळ होतो." सगळे हसले. मीही.

फिटर काका मात्र हसले नाहीत. ते उशिरा आले होते आणि पहिल्यांदाच मागे बसले होते. निघताना माझ्यापाशी आले. "यायचंच नाही असं ठरवलं होतं," म्हणाले. "तुमच्या त्या फलकावरच्या कागदामुळे मी शेवटच्या पानापर्यंत दाराकडे बघत बसलो. आता येईल, आता येईल. माझा मुलगा घर सोडून गेला त्याला अकरा वर्षं झाली, त्याचं एक कार्ड नाही. असं करू नये हो माणसाला." मी मान खाली घातली. मग तेच म्हणाले, "पुढच्या वेळी शेवट लिहू नका. लिहिलाच तर आधी वाचा." आणि पुढच्या बैठकीचं पुस्तक घेऊन गेले. माफ केलं की नाही ते कळलं नाही. पुस्तक नेलं, एवढं खरं.

सगळे गेल्यावर मोठ्या बाईंना कागद दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "यात तीन कारणं आहेत," त्या म्हणाल्या, "आणि तिन्ही पुस्तक न वाचल्याची आहेत. ती चूक आहे, मोठी आहे, पुन्हा झाली तर मी तुम्हाला ठेवणार नाही. पण मी तुम्हाला विषय निवडायला सांगितला होता. विषय चुकीचा निवडला होता का?"

आत्या, मला वाटलं, हो म्हणून मोकळं व्हावं. मग सिस्टर आठवल्या. फिटर काका दाराकडे बघत बसले ते आठवलं. मी म्हणाले, "नाही. विषय बरोबर होता."

एवढं छोटं उत्तर मी आजवर कधी दिलं नसेल. मोठ्या बाईंनी कागदाची घडी करून परत दिली आणि पंखा बंद करायला सांगितला.

आता तुझं. तू सांगितलेले शेवट वाईट नव्हते. काही तर छापलेल्यांपेक्षा बरे होते. पण ते तुझे आहेत हे मला कळायला हवं होतं, म्हणजे मी तुझ्याशी भांडले असते. नऊ वर्षांची मी रडले असते, जेवले नसते, तुझ्या अंगावर ओरडले असते, आणि आपण दोघी कुठे तरी पोचलो असतो. त्याऐवजी पंधरा वर्षं मी मनातल्या मनात उंबरा झाडत राहिले. तुला माहीत होतं मी काय करत होते. हे मला अजून गिळता येत नाहीये आणि लवकर येईल असं वाटत नाही.

तू एकटीने ते पत्र सांभाळलंस, बाबांच्या गप्प बसण्यासकट, हेही मला दिसतं. दोन्ही एकदम दिसतं, त्यामुळे एका जागी बसवत नाही.

पत्र पाठवू नकोस. टपालात हरवलं तर? आणि हरवलं नाही तर, मी ते इथे एकटीने उघडायचं? मी नऊ तारखेला सकाळच्या बसने येते. शनिवार आहे, रजा टाकली आहे. तोवर त्यात काय आहे ते मला लिहू नकोस, आल्यावर दारातही सांगू नकोस, आणि चेहऱ्यावर काही दाखवू नकोस, तुला ते जमत नाही तरी.

टेबल रिकामं कर. तू समोर बस. मी मोठ्याने वाचेन, पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, आणि तू मध्ये एक शब्द बोलायचा नाहीस.

तुझी
शंकासूर